वहिनीची पिशवी

जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या, पहिल्या रविवारी झुल्मा बाचिनो घरातून निघाली तेव्हा तिची पिशवी कमरेपाशी लोंबत होती. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत ती गुडघ्याला आली, आगगाडीचे जुने रूळ ओलांडेपर्यंत पोटरीला, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर पिशवी वाळूत चर काढत झुल्माच्या मागून येऊ लागली. आत फार काही नव्हतं. थर्मास, येर्बाच्या कडवट पानांचा डबा, ती गरम पाण्यात भिजवून प्यायचा भोपळा आणि नळी, मिलानेसा म्हणजे तळलेल्या मांसाचे काप घातलेले पाव, पीच, दोन टॉवेल आणि नवऱ्याच्या, एलबियोच्या, जाड चपला. पण पिशवी क्रोशाची होती, झुल्मानं स्वतः विणलेली, आणि झुल्माचा हात होता सैल. ओझं पडलं तसा एकेक टाका ताणत गेला. आधी चपलेनं बाहेर डोकं काढलं, मग पीच एकेक करून घरंगळू लागले.

मागून तिची वहिनी निबिया येत होती. ती पडलेला पीच उचलायची, फुंकर मारून वाळू उडवायची आणि चार पावलं पुढे येऊन तो झुल्माच्या हातात ठेवायची. तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं. दोन-तीनदा हे झाल्यावर तिला राहवेना.

"नणंदबाई, ही पिशवी आहे की मासे धरायचं जाळं? आधी सांगितलं असतंस तर घरून विळी आणली असती."

निबियाच्या खांद्यावर तिची स्वतःची क्रोशाची पिशवी होती. सायीच्या रंगाची, दाट विणीची, आत अख्खं कलिंगड, आणि बोटभरसुद्धा ताणलेली नाही. दर उन्हाळ्यात ती पिशवी किनाऱ्यावर यायची आणि दर उन्हाळ्यात झुल्माच्या पोटात दुखायचं.

सगळ्यांच्या पुढे झुल्माचा थोरला भाऊ, निबियाचा नवरा, दार्दो चालला होता. तो पुएर्तो मोरानचा खाटीक. दाराएवढा रुंद माणूस, गाईची अख्खी तंगडी खांद्यावर टाकून गाडीतून दुकानात नेणारा. पण सहलीला तो फक्त छत्री घ्यायचा. पिशव्या बायकांनी धरायच्या, हा त्या गावातल्या पुरुषांचा कायदाच होता, आणि दार्दो तो काटेकोर पाळायचा.

झुल्माबद्दल थोडं सांगायला हवं. गावात टेलिफोन आला तेव्हापासून एक्सचेंजच्या खुर्चीवर ती बसली होती. कानाला यंत्र, हातात वायरी. नदीपलीकडे ब्युनोस आयर्सला पळून गेलेली मुलं, मोंतेविदेओच्या डॉक्टरांचे निकाल, मोडलेले साखरपुडे, सगळं तिच्या कानावरून गेलं होतं. आणि त्यातलं अक्षरही तिनं कधी बाहेर सांगितलं नाही. गावातली माणसं तिच्या समोरून जाताना उगाच थोडी जास्त नम्र व्हायची ती त्यामुळे. पण स्वभाव मात्र मूळचा उघडून बघण्याचा. लहानपणी बापाचा रेडिओ तिनं खिळखिळा केला होता, आत कोण बोलतं ते बघायला. मग आपोआप लागणारे फोन आले, एक्सचेंजची खोली बंद झाली, झुल्माला फुलं आणि भाषण देऊन घरी पाठवलं. कान रिकामे, हात रिकामे. एलबियो कागदाच्या कारखान्यातून आधीच निवृत्त झालेला. तो दिवसभर धक्क्यावर गळ टाकून बसायचा. तेव्हा झुल्मानं क्रोशाची सुई हातात घेतली.

घेतली तीही निबियामुळेच. निबियाचं विणकाम गावात गाजलेलं. तिच्या घरी रेडिओखाली, फुलदाणीखाली, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नक्षीची जाळी. झुल्माला नात झाली तेव्हा निबियानं तान्ह्या बाळाचं पांघरूण दिलं होतं, दुधावरच्या फेसासारखं हलकं. ते हातात घेऊन झुल्मा वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, आणि या दोघींच्या इतक्या वर्षांच्या नात्यात असं एकदाच घडलं होतं. चर्चच्या जत्रेत विणकामाची स्पर्धा असायची, तिची परीक्षक निबियाच. ती प्रत्येक वस्तू खिडकीच्या उजेडात धरायची, बराच वेळ बघायची आणि नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"नं बायकांना घाम फुटायचा.

मात्र शिकवायची वेळ आली की निबिया निसटायची. झुल्मानं साखळी कशी घट्ट ठेवायची विचारलं, तर म्हणाली, सगळं मनगटात असतं. पिशवीचे बंद कसे काढायचे विचारलं, तर चष्मा घरी राहिला होता. बूड कुठून सुरू करतेस विचारलं, तर चुलीवर दूध होतं. झुल्माची खात्री पटली की वहिनी एखाद्या कंजूष सुगरणीसारखी एक जिन्नस मुद्दाम लपवून ठेवते आहे.

त्या रविवारनंतर तिनं चंग बांधला. दोरा दुहेरी घेतला, दात आवळून विणलं, आणि अशी पिशवी झाली की रिकामीसुद्धा जमिनीवर ताठ उभी राहायची. एलबियोनं तिच्याभोवती एक फेरी मारली, बोटानं टकटक केलं आणि विचारलं की हिला झाकण कुठून लावायचं. मग कुत्रा आत जाऊन झोपला आणि त्यानं ती सोडली नाही.

तेव्हा झुल्मानं ठरवलं की विचारून होत नाही ते बघून घ्यायचं.

बुधवारी ती निबियाकडे गेली. मुलगी मोंतेविदेओहून येते आहे, तिला घेऊन नदीवर जायचंय, आपल्या पिशवीची तर गावभर चेष्टा झाली आहे, तेवढी तुझी देतेस का, असं गोड बोलली. मुलगी येणार नव्हती. निबिया क्षणभर घुटमळली, आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि खुंटीवरची पिशवी काढून दिली. शनिवारी परत हवी म्हणाली. दार्दोला ती खुंटीवर दिसली नाही तर तो कटकट करतो म्हणाली. झुल्माला नवल वाटलं. दार्दोला पिशवीशी काय देणंघेणं?

घरी येऊन ती दुपारच्या निजेची वाट बघत बसली. त्या वेळी पुएर्तो मोरानमध्ये रस्त्यावर कुत्रंसुद्धा चालत नाही. एलबियो घोरायला लागल्यावर तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं, पिशवी टेबलावर पसरली आणि चष्मा पुसला.

दोरा तिनं लगेच ओळखला. मांसाची गुंडाळी ओव्हनमध्ये घालण्याआधी खाटीक जो जाड पांढरा सुती दोरा बांधतात, तोच. वा रे निबिया, नवऱ्याच्या दुकानातला दोरा उचलतेस होय, असं ती मनात म्हणाली. मग बंदांकडे वळली. बंद वेगळे शिवलेले नव्हते, पिशवीच्या काठातूनच वर निघाले होते, आणि आत काहीतरी कडक लागत होतं. काय आहे ते बघायचं म्हणून तिनं काठाखाली दडवलेलं दोऱ्याचं टोक शोधलं आणि जरासं ओढलं. फक्त चार टाके. आत त्याच दोऱ्याचे पदर सरळ घालून त्यांच्यावरून वीण चढवली होती. म्हणून बंद ताणत नव्हते! पण ते पदर काठात कुठे अडकवले होते? अजून थोडं ओढलं. मग काठ कसा वळवला ते बघायचं राहिलं. मग अंगाचे टाके, आखूड, एकालाएक चिकटलेले, मध्ये उंदराच्या मिशीलाही जागा नाही. दोरा इतका छान सर्रसर्र सुटत होता की हात थांबेना. आणि एकदा अंग सुटल्यावर बूड न बघता थांबण्यात काही अर्थच नव्हता.

एलबियो डोळे चोळत आत आला तेव्हा टेबलावर पिशवी नव्हती. वाकड्यातिकड्या दोऱ्याचा डोंगर होता.

"आज शेवया का?" त्यानं विचारलं.

झुल्मानं खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एलबियोला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं थर्मासमध्ये गरम पाणी भरलं, भोपळ्यात येर्बा घातली, बायकोच्या समोर ठेवली आणि समजूत काढली की निबिया फार तर बोलणं सोडेल, आणि त्यात तसं नुकसान काहीच नाही.

पण झुल्माला ते चालणार नव्हतं. तिनं दोरा बादलीत भिजवला, वळ्या सुटाव्यात म्हणून मागच्या अंगणात दोरीवर वाळत टाकला, आणि वाळल्यावर एलबियोला दोन्ही हात पुढे करून बसवलं. त्याच्या मनगटांवरून दोऱ्याचा गुंडा करताना तो बिचारा मासे सुटल्याची हळहळ करत राहिला. मग ती विणायला बसली. गंमत अशी की उसवताना तिनं सगळं उलट्या क्रमानं पाहिलं होतं, तेच आता सुलट करायचं होतं. सुई दोऱ्याला लहान पडेल अशी घेतली. बूड, मधलं भोक आवळून बुजवत, गोल गोल वाढवत नेलं. अंगाला फक्त आखूड टाके. जिथे हात सैल पडतोय असं वाटलं तिथे निबियाचा चेहरा आठवला आणि टाका आपोआप आवळला गेला. बोटाला फोड आली, ती फुटली, तिथे पट्टी बांधली. आत पदर घालून बंद काढताना मात्र तिला वेगळंच सुचलं. मूळचे बंद खांद्यावर घसरायचे हे तिनं कितीदा बघितलं होतं. म्हणून मध्ये, जिथे खांद्यावर टेकतात तिथे, तिनं ते थोडे रुंद केले.

शनिवारी पिशवी तयार होती. झुल्मानं तीत विटा भरल्या आणि अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगली. फांदी वाकली, पण पिशवी जशीच्या तशी. झुल्मा बराच वेळ लिंबाखाली उभी राहिली. हे आपल्या हातचं आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

निबियाला पिशवी परत देताना तिनं पट्टी बांधलेलं बोट मुठीत लपवलं. निबियानं ती घेतली, खुंटीला अडकवली आणि मुलगी कशी आहे विचारलं. बस्स. ना उजेडात धरली, ना हं म्हणाली. झुल्मा घरी आली ती सुटल्याच्या आनंदात, पण वाटेत तिला जरा रागही आला. एवढी मोठी परीक्षक, आणि स्वतःची पिशवी ओळखता येऊ नये?

रविवारी चौघं पुन्हा किनाऱ्यावर गेली. समोर आहे ती खरं तर नदीच, पण पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून सगळे समुद्रच म्हणतात. वारा होता. दार्दोनं छत्री रोवली, खुर्च्या मांडल्या आणि कलिंगड कापायला सुरी हवी म्हणून निबियाच्या पिशवीत हात घातला. हात आत गेला आणि तिथेच राहिला. मग त्याचा अंगठा पिशवीच्या काठावरून हळूहळू फिरू लागला, मांसातलं हाड चाचपावं तसा. त्यानं बंद वर उचलला. रुंद केलेल्या जागी बोट ठेवलं.

"निबिया," तो म्हणाला, "ही माझी नाही."

निबियानं डोळे मिटून घेतले. एलबियोच्या तोंडात नळी होती, ती तशीच राहिली. झुल्मानं आयुष्यभर वायरींवरून माणसांची बोलणी ऐकली होती. जे बोलायचं नव्हतं ते तोंडून निसटल्यावर जी शांतता पडते, ती तिला चांगली ठाऊक होती.

"तुझी म्हणजे?" तिनं विचारलं. "तुझी कशी असेल, जाड्या?"

दार्दोचे कान लाल झाले. त्यानं नदीकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. आणि मग निबियाच हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती वाळूत आडवी झाली. कित्येक वर्षं घट्ट जोडे घालून हिंडलेल्या बाईनं ते काढून भिरकवावेत तशी ती हसत होती. मला साधी साखळी घालता येत नाही झुल्मा, म्हणाली, बटणसुद्धा तोच लावतो.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पूर्वी एकदा दुकानातल्या करवतीनं दार्दोचा डावा हात कापला होता. तळव्यात टाके पडले, बोटं वळेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. त्यानं तो दाबला, पण दिवसभर चेंडू दाबत बसलं की माणूस वेडा होतो. हाताशी दोरा होता. गाठी मारता मारता त्यानं निबियाच्या आईची जुनी सुई उचलली. बोटं सुधारली, पण सुई सुटली नाही. दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं की तो मागच्या थंड खोलीत बसायचा आणि विणायचा. विणलेलं लपवणार कुठे? मग ते निबियाच्या नावावर गेलं. एकदा गेलं ते गेलंच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो तिला काय बघायचं ते शिकवायचा. ती सगळं विसरायची आणि मग "हं" म्हणायची.

झुल्माला आधी हसू आलं, आणि मग ते कुठेतरी अडकलं.

"सगळ्या गावाची गुपितं मी पोटात ठेवली," ती म्हणाली. "तुझं एक जड झालं असतं का मला?"

दार्दोनं सुरी काढली आणि कलिंगडावर ठेवली, पण कापलं नाही.

"गावाला तू हसत नव्हतीस," तो म्हणाला. "मला तू मी चालायला लागलो तेव्हापासून हसतेस."

हे खरं नव्हतं, कारण तो चालायला लागला तेव्हा ती जन्मलीच नव्हती. पण शाळेच्या वाटेवर त्याला मुलांसमोर जाड्या म्हणून पहिल्यांदा कोणी हाक मारली होती, हे तिला आठवत होतं. नातीचं ते पांघरूण, तिनं विचारलं. दार्दोनं मान हलवली. ते हातात घेऊन आपण कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो हे आठवून झुल्मानं निबियाकडे बघितलं. निबियानं खांदे उडवले. मी तुला त्याच्याकडे पोचवायचं म्हणत होते, पण तू सोडतच नव्हतीस, म्हणाली.

"आता माझं ऐक," झुल्मा म्हणाली. "पिशवी मी उसवली."

"सगळी?"

"बुडापर्यंत. कशी केली ते बघायचं होतं."

दार्दोचा हात सुरीवर होता म्हणून एलबियोनं आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. पण दार्दो पिशवी उलटी करून तिचं बूड बघत होता.

"मधलं भोक कसं बुजवलंस?" त्यानं विचारलं. "माझं नेहमी राहतं. तिथूनच वाळू गळते."

संध्याकाळपर्यंत बहीणभाऊ पिशवीवर डोकी एकत्र करून बसले होते. कलिंगड शेवटी एलबियोनं कापलं, वेडंवाकडं. निबिया पाण्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती लांबवर पोहत गेलेली त्या दिवशी सगळ्यांनी पहिल्यांदाच बघितली.

हे गुपित चौघांतच राहायचं असं ठरलं, आणि झुल्माकडून ते फुटलं नसतं. ते फुटलं निबियाकडून. फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकाची थर्मास ठेवायची कातडी पिशवी फाटली होती. शनिवारी सकाळी, दुकानात गिऱ्हाइकांची रांग असताना, त्यानं निबियाला गळ घातली की तुमच्या हातची एक मजबूत सुती पिशवी विणून द्या, फक्त थर्मास आणि येर्बा मावेल एवढी. निबिया गल्ल्यावर बसली होती. तिनं मान वर करून रांगेकडे बघितलं, आणि तिला बहुधा एकदम कंटाळा आला.

"मला काय विचारतोस," ती म्हणाली. "ज्याला येतं त्याला विचार." आणि तिनं हनुवटीनं नवऱ्याकडे दाखवलं.

दार्दोच्या हातात सुरा होता, वर उचललेला. रांगेतल्या कोणाला हसू आलं असेल तर ते त्यानं सुऱ्याकडे बघून गिळलं. दार्दोनं सुरा खाली आणला, फासळीचे दोन तुकडे झाले, ते त्यानं कागदात गुंडाळले, हात फडक्याला पुसले.

"बंद लांब हवा की आखूड?" त्यानं विचारलं. "खांद्यावर घेणार की सायकलला अडकवणार?"

प्रशिक्षक म्हणाला खांद्यावर. दुसऱ्या आठवड्यात गोलरक्षकाला हवी होती, मग धक्क्यावरच्या नावाड्यांना. थर्मास काखेत धरून हिंडणाऱ्या त्या गावातल्या बाकीच्या पुरुषांना हात मोकळे ठेवायची सोय कोणी कधी केलीच नव्हती. दार्दो एकटा पुरा पडेना.

म्हणून उन्हाळा सरल्यापासून झुल्माही दुपारच्या निजेच्या वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊ लागली. दोन स्टुलं, दोन सुया, मध्ये येर्बा. बाप गेल्यापासून ती दोघं समोरासमोर बसून वाढदिवस आणि हवा सोडून काही बोलली नव्हती. आता आईच्या सुपात नेमकं काय असायचं यावरून त्यांचा अर्धा तास जायचा. हाक ती त्याला अजून जाड्याच मारायची, पण हळू आवाजात, आणि तो "काय" म्हणायचा.

एका बाबतीत मात्र त्यांचं कधी जमलं नाही. बंद मध्ये रुंद करायचे हे दार्दोला पटेना. पिशवी आहे, घोड्याचं खोगीर नव्हे, असं तो म्हणायचा. झुल्मा येर्बासाठी पाणी तापवायला बाहेर गेली की तो तिचे बंद उसवून सरळ करायचा. तो मांस उतरवून घ्यायला गेला की ती त्याचे उसवून रुंद करायची. त्यामुळे त्या हिवाळ्यात मोठी पिशवी एकच पुरी झाली, एक बंद अरुंद आणि एक रुंद अशी. ती कोणाला द्यायची यावर त्यांचा वाद चालू असतानाच एलबियोनं गळ आणि आमिषं ठेवायला ती पळवली. परत केली तेव्हा तिला असा वास येत होता की निबियानं ती अंगणातल्या तारेवरून आत घेऊ दिली नाही.